डिसेंबरातली दुसरी: नाताळच्या सुट्टीआधी वर्गात काय करावं

दुसरीचा वर्ग पहिल्यांदाच हाती आलेल्या शिक्षकाला गोव्यातला डिसेंबर फसवतो. दिवाळीची सुट्टी संपवून मुलं जेमतेम बाकावर स्थिरावतात, तोवर गावची जत्रा, जुन्या गोव्याचं फेस्त, शाळेचं गॅदरिंग, गोव्याचा मुक्तिदिन आणि नाताळ ओळीने दारात येऊन उभे राहतात. त्यातून आपल्या कित्येक सरकारी मराठी प्राथमिक शाळांत पहिली ते चौथी मिळून मुलं थोडी आणि शिक्षक एक-दोनच. दुसरीची मात्रा-वेलांटी चालू असताना पलीकडच्या बाकावर चौथीचा भागाकार अडलेला असतो. ‘नाताळापर्यंत अमुक पाठ संपवायचे’ असा बेत अशा वर्गात टिकत नाही.

म्हणून नव्याने रुजू झालेल्यांना मी एवढंच सांगते: या तीन आठवड्यांत नवे पाठ कमी घ्या. कुठलं मूल नेमकं कुठे अडलंय ते शोधा, आणि जे सण वेळ खातात असं वाटतं त्यांनाच अभ्यासाला जुंपा.

आधी कॅलेंडर उघडा

डिसेंबरचं पान समोर घेऊन हातात खरोखर किती दिवस आहेत ते मोजा. तीन तारखेला सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताची सुट्टी, एकोणीसला मुक्तिदिन, रविवार वेगळे, शनिवारी अर्धी शाळा, आणि चोवीसच्या आसपास नाताळची सुट्टी लागते. कागदावर सतरा-अठरा दिवस दिसतात. त्यातून गॅदरिंगचा दिवस, त्याच्या आदल्या दिवशीची धावपळ आणि गावच्या जत्रेचा दुसरा दिवस वजा करा. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग येतच नाही आणि आलेला अर्धा पेंगत असतो, त्या दिवशी हातचा शिकवायला घेऊ नये. दत्तजयंती बहुधा डिसेंबरातच येते. तुमची शाळा साखळीच्या दत्तमंदिराच्या बाजूला असेल तर तोही दिवस धरून चाला.

उरलेल्या दिवसांतला सकाळचा पहिला तास वाचनाचा. तो कोणालाही देऊ नका, नाचाच्या सरावालाही नाही.

प्रत्येक मुलाचं वाचन ऐका

पहिल्या आठवड्यातलं मुख्य काम हेच, आणि नवे शिक्षक नेमकं हेच टाळतात, कारण बाकीचा वर्ग तेवढ्या वेळात काय करेल याची धास्ती असते. बाकीच्यांना चित्र काढायला द्या, चौथीच्या मुलांना पहिलीजवळ बसवा, आणि एकेका मुलाला जवळ बोलवून तीन मिनिटं फक्त त्याचं ऐका.

उतारा पुस्तकातला नको. पुस्तकातले पाठ मुलांना तोंडपाठ असतात. बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्या ओळीवर, असं पुष्कळदा होतं. असा एखादा न पाहिलेला उतारा मोठ्या अक्षरात लिहून ठेवा:

सुलू आजीबरोबर बाजारात गेली. आजीच्या टोपलीत तांबडी भाजी होती. एक बाई आली. तिने दोन पेंड्या घेतल्या. आजीने पैसे पदराला बांधले. सुलूला खाजे हवे होते. आजी म्हणाली, आधी भाजी संपू दे. ऊन चढले. टोपली रिकामी झाली. मग दोघी खाज्याच्या दुकानाकडे गेल्या. दुकानदाराने सुलूच्या हातावर एक तुकडा ठेवला.

हे ४६ शब्द आहेत (खाजे म्हणजे जत्रेत मिळणारा गोड खाऊ). केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या निपुण भारत मोहिमेत दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तेही समजून, वाचता यावेत असं उद्दिष्ट आहे. डिसेंबरात तिथे पोचलेलं मूल पुढे आहे असं समजा. निम्म्यावर असलेल्यासाठी अजून चार महिने आहेत. घड्याळ मुलाला दिसेल असं ठेवू नका. दिसलं की मूल धावत सुटतं आणि शब्द गिळतं.

वाचून झालं की दोन प्रश्न विचारा. आजी बाजारात काय करत होती? खाजे लगेच का घेतले नाहीत? पहिल्याचं उत्तर उताऱ्यात सरळ लिहिलेलं नाही, मुलाने ते जुळवायला हवं. घडाघडा वाचणारं मूल इथे गप्प झालं तर त्याला अक्षरं येतात, वाचन येत नाही. याउलट अडखळत वाचणारं मूल पुष्कळदा चटकन सांगतं, “भाजी सोंपूंक नाशिल्ली” (भाजी संपली नव्हती). घरात कोकणी असेल तर उत्तर कोकणीत येणारच. ते बरोबर धरा, तेच मराठीत एकदा म्हणा आणि पुढे चला. ‘मराठीत सांग’ म्हणून अडवलंत तर पुढच्या वेळी ते मूल तोंडच उघडणार नाही. कर्नाटकातून कामाला आलेल्या कुटुंबांची मुलंही आपल्या वर्गांत असतात, घरी कन्नड किंवा लमाणी. त्यांना उत्तर बोटाने दाखवू द्या, करून दाखवू द्या.

ऐकताना वहीत फक्त खूण करायची. काय पाहायचं? मात्रा, वेलांटी सुटते का. भ-म, घ-ध यांची गल्लत होते का. जोडाक्षरावर थांबतं का. आणि ‘र’ची रूपं, म्हणजे ‘सूर्य’मधला, ‘चक्र’मधला आणि ‘ट्रक’मधला र, ओळखता येतो का. दुसरीत सगळ्यात जास्त मुलं या शेवटच्या ठिकाणी अडतात. ‘पेंड्या’, ‘म्हणाली’, ‘खाज्याच्या’ हे शब्द मी उताऱ्यात मुद्दाम घातलेत; रफाराचे शब्द मात्र वेगळ्या पट्टीवर लिहून वाचायला द्या.

आठवडाभरात वर्गाचे आपोआप तीन गट पडतात. पहिला गट अजून अक्षर-मात्रेत. त्यांच्यासाठी रोज दहा मिनिटं एकाच अक्षराची बाराखडी, तीही शब्दांतून: का-काजू, कि-किल्ला, कु-कुळागर, के-केळं. दुसरा गट शब्द वाचतो पण वाक्यात धापा टाकतो. त्यांना जोडीने वाचायला बसवा, एक वाक्य याने, एक त्याने, आणि तोच उतारा तीन दिवस. तिसऱ्याला तुमची गरज कमी आहे. कपाटातली गोष्टींची पुस्तकं काढून द्या. पुस्तकं खराब होतील म्हणून कपाटाला कुलूप घालणाऱ्या शाळा मी पाहिल्यात. कोऱ्या करकरीत पुस्तकांवर वाळवी मात्र चढते.

गटांना हुशार-मठ्ठ कळेल अशी नावं देऊ नका. माड, फणस, आंबा काहीही चालेल. मुलांना दोन दिवसांत सगळं कळतंच, पण निदान तुमच्या तोंडून कळू नये.

मग गणिताची गाठ

निपुणमध्ये दुसरीसाठी ९९९ पर्यंत संख्या वाचणं-लिहिणं आणि ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी अपेक्षित आहे. प्रत्यक्षात तीन चुका दिसतील आणि प्रत्येकीमागे कारण आहे.

‘पस्तीस’ सांगितलं की मूल ५३ लिहितं. आपण आधी पाच म्हणतो, मग तीस, आणि मूल ऐकलं तसं लिहितं. ‘एकोणचाळीस’ तर आणखी अवघड. कानावर चाळीस पडतात आणि लिहायचे असतात तीस नि नऊ. महाराष्ट्रात बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्या वादात न पडता मला एवढं दिसतं की काही दिवस दोन्ही म्हणून घेतलं, ‘तीस पाच, पस्तीस’, तर चूक लवकर सुटते. परीक्षेपुरतं नव्हे, बाजारातही ‘पस्तीस’च लागणार आहे, तेव्हा जुनं नाव सोडायचं नाही.

‘एकशे पाच’ म्हटलं की १००५ लिहितं. यावर पत्त्यांचा उपाय चांगला. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे पत्ते कापा: १०० चा लांब, १० चा मध्यम, १ चा आखूड. शंभरच्या पत्त्यावर उजवी कड जुळवून पाचचा पत्ता ठेवला की खाली लपलेलं शून्य मुलाला बोटाने उचलून बघता येतं. दोन दिवसांत फरक दिसतो.

तिसरी चूक वजाबाकीतली. ५२ मधून २७ गेले, उत्तर ३५. मुलाने सातातून दोन काढले, कारण मोठ्यातून लहान काढायचं एवढंच त्याला ठाऊक. इथे फळ्यावरचा हातचा उपयोगाचा नाही. खराटा करताना उरलेले माडाचे हीर आणा, सारख्या लांबीचे तोडा, दहा-दहाच्या जुड्या बांधा. ५२ म्हणजे पाच जुड्या आणि दोन सुटे. २७ द्यायचे आहेत, सात सुटे नाहीत, मग जुडी सोडावीच लागते. मुलाने स्वतःच्या हाताने जुडी सोडली पाहिजे. शिक्षकाने सोडून दाखवलेल्या जुडीतून मुलाच्या डोक्यात काही सुटत नाही.

एवढं झालं की दुसऱ्या आठवड्याच्या शनिवारी वर्गात जत्रा भरवा. कागदाच्या दहा-दहाच्या नोटा आणि पाचची काही नाणी, प्रत्येकाला शंभर रुपये. बाकांवर फेरी, म्हणजे जत्रेतली दुकानं, मांडायची: खाज्याचं पाकीट ४०, पिपाणी २५, चणे १५, फुगा १०. वस्तू चित्रांच्याही चालतील, पण थोडे खरे चणे ठेवा, गिऱ्हाईक वाढतं. खाजे आणि पिपाणी घेतली, शंभरची रक्कम दिली, परत किती? दुकानदार मुलाने हिशेब तोंडी सांगूनच पैसे परत करायचे. दुकानदार दर दहा मिनिटांनी बदला, नाहीतर गल्ल्यावर एकच मूल मांडी ठोकून बसतं. वर्गात गप्प असणारी, पण आईबरोबर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसणारी एखादी मुलगी इथे सगळ्यांना मागे टाकते. ते तिच्या नोंदीत लिहून ठेवा.

नाचणी पेरायची तारीख चुकवू नका

गोव्यात नाताळच्या गोठ्यात, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यात, हिरवळ म्हणून नाचणीचे अंकुर ठेवायची रीत आहे. शेजारच्या ख्रिस्ती घरात मुलांनी ते पाहिलेलं असतं, काहींच्या स्वतःच्या घरी होतं. वर्गात करायला इतका सोपा आणि स्वस्त प्रयोग दुसरा नाही.

दहा ते बारा डिसेंबरच्या दरम्यान पेरा. त्याआधी पेरलंत तर सुट्टीपर्यंत रोपं लोळतात, उशीर केलात तर मुलांना घरी न्यायला काही उरत नाही. मूठभर नाचणी रात्रभर भिजत घाला. करवंट्यांना तळाशी भोक पाडून बारीक माती भरा, भिजलेले दाणे वर दाट पसरा, मातीचा पातळ थर द्या आणि हाताने पाणी शिंपडा. तांब्याने ओतलं की दाणे एका बाजूला वाहून जातात. तीन-चार दिवसांत कोंब दिसू लागतात.

एक करवंटी खिडकीत, एक कपाटात बंद आणि एक खिडकीतच पण पाणी न घालता. आधी मुलांना अंदाज बांधू द्या आणि फळ्याच्या कोपऱ्यात नावासकट लिहा. कपाटातली रोपं उंच वाढतात पण पिवळी पडतात, आणि ‘उंच म्हणजे चांगलं’ म्हणणाऱ्यांची त्या दिवशी चांगलीच पंचाईत होते. तिथे लगेच उत्तर सांगून मोकळे होऊ नका.

रोज कागदाची पट्टी रोपाशेजारी धरून खूण करायची, कापायची आणि भिंतीवर क्रमाने चिकटवायची. आठवड्याने भिंतीवर वाढता आलेख तयार होतो. ‘आलेख’ हा शब्द न उच्चारताही चालेल. पट्टीखाली तारीख आणि एक वाक्य. अक्षर-मात्रेच्या गटाने एक शब्द लिहिला तरी पुरे: ‘कोंब’, ‘पान’, ‘हिरवं’. सक्तीच्या शुद्धलेखनापेक्षा या ओळींतून मुलाचं लेखन जास्त स्वच्छ कळतं, त्यामुळे भागशिक्षणाधिकारी आल्यास वह्यांआधी ही भिंत दाखवा.

नक्षत्र

नाताळात घरोघरी टांगतात ती चांदणी, म्हणजे नक्षत्र, वर्गातच करता येते. दिवाळीच्या आकाशकंदिलांचे पतंगी कागद घराघरांत उरलेले असतात, ते मागवा. बांबूच्या सारख्या लांबीच्या पाच कामट्या घेतल्या की एक चांदणी होते. कामट्या पालकांकडून तासून घ्या, कडा बोथट नसतील तर मुलांच्या बोटांत कूस (बारीक काटा) जाते. टोकांच्या पाच आणि मधल्या पाच, अशा दहा गाठी. बांधायला दोन मुलं लागतात, एक धरणारं आणि एक गाठ मारणारं. भांडखोर जोडीला एकत्र बसवायची ही संधी सोडू नका. बांधून झाल्यावर त्रिकोण किती ते मोजायला लावा. टोकांचे पाच सगळे सांगतात. मधला पंचकोन कोणाला दिसतो ते बघा, आणि दोन टोकं आणि मधला पंचकोन मिळून होणारे मोठे त्रिकोण दिसणारं मूल सापडलं तर त्याला आणखी कोडी द्या. चार चांदण्यांना कामट्या किती, गाठी किती, हा पाढ्याचा सराव जाता जाता होतो. आत दिवा नको, वायर नको. खिडकीला टांगा, उन्हात कागद उजळतोच.

मुक्तिदिन सात वर्षांच्या मुलाला कसा सांगावा

भाषणाने नाही. एकोणीस तारखेला झेंडावंदनाच्या वेळी मोठी माणसं भाषणं करतातच, आणि दुसरीची मुलं त्या वेळी पायाने मातीत रेघा ओढत असतात.

आदल्या आठवड्यात सुंभ किंवा जाड दोरी आणा. दहा वर्षांना एक वीत, प्रत्येक वितीवर गाठ. आजपासून मागे १९६१ पर्यंत सहा गाठी आणि वर थोडी. तिथे तिरंगी कागद बांधा. आता तिथून १५१० पर्यंत, म्हणजे पोर्तुगीजांनी गोवा घेतला तिथवर, जायचं तर आणखी पंचेचाळीस विती. दोरी वर्गाच्या दारातून व्हरांड्यात जाते आणि मुलांचे डोळे विस्फारतात. साल पाठ होणार नाही, होऊही नये, पण ‘खूप काळ’ म्हणजे किती ते पायाखालून जातं.

इथे एक काळजी घ्या. ‘साडेचारशे वर्षं’ हे तिसवाडीच्या, म्हणजे पणजी-जुन्या गोव्याच्या भागाच्या, बाबतीत खरं. बारदेस आणि सासष्टी १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे, काणकोण हे महाल, म्हणजे तालुके, त्यांच्या ताब्यात गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. शाळा वाळपईला असेल तर आपल्या गावाची गाठ दोरीवर बरीच अलीकडे येते. मुलांना ‘आपल्या गावाची गाठ’ वेगळ्या रंगाने बांधू द्या.

मग घरी विचारायचे दोन प्रश्न. १९६१ मध्ये सात वर्षांचं असलेलं मूल आज सत्तरीपार आहे. घरात, वाड्यावर असं कोणी आहे का? त्यांना विचारा: तुम्ही लहानपणी शाळेत जात होता का, आणि तेव्हा पैसे कसे दिसायचे? उत्तर मुलाने येऊन तोंडी सांगायचं. एखादी आजी शाळेत यायला तयार झाली तर सगळा तास तिला द्या. पुष्कळ गावांत पहिली मराठी सरकारी शाळा मुक्तीनंतर, दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री असताना आली. तुमच्याच शाळेच्या स्थापनेचं साल मुख्याध्यापकांच्या दप्तरात मिळेल, तीही गाठ दोरीवर बांधून टाका.

गॅदरिंग

याबद्दल थोडक्यात. सराव शेवटच्या तासाला, आणि आठवडाभरच. वाचनात मागे असलेल्याला ‘तू वर्गात बसून वाच, बाकीचे नाचतील’ ही शिक्षा कधी करू नका, त्याला वाचनाचा कायमचा राग येतो. नाच चांगला दिसावा म्हणून चार चुणचुणीत मुलं पुढे आणि बाकीची मागे माड धरून उभी, हे दुसरीला तरी करू नये. त्यापेक्षा छोटा संवाद घ्या, प्रत्येकाला एक वाक्य द्या आणि वाक्याच्या पट्ट्या लिहून त्या वाचूनच सराव करा. कपड्यांवर पालकांना खर्चात पाडू नका.

पालकांना काय सांगायचं

सुट्टीआधी पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत किंवा शाळा सुटताना फाटकाशी दोन मिनिटं बोला. पालक हमखास विचारतात, “बाई, सुट्टीत होमवर्क किती?” २०२० च्या केंद्रीय शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये असं म्हटलं आहे, ते सांगा. तरी काही आया वही भरून मागतात. त्यांना काम द्या: रोज रात्री मुलाला गोष्ट सांगा, कोकणीत सांगा, कन्नडमध्ये सांगा, स्वतःच्या लहानपणाची सांगा. मुलाजवळ गोष्टी आणि शब्द जेवढे जास्त तेवढं वाचलेलं लवकर समजतं. आणि मुलाचं सांगताना आधी आलेलं सांगा, मग अडलेलं. अडलेलं सांगताना नेमकं सांगा. ‘कच्चा आहे’ ऐकून आई घरी जाऊन पाठीत धपाटा घालते, ‘जोडाक्षराशी थांबतो’ ऐकून निदान विचारते की मी काय करू.

सुट्टीची पिशवी

शेवटच्या दोन दिवसांत प्रत्येक मुलासाठी एक कापडी पिशवी भरा. आत त्याच्या गटाला झेपेल असं कपाटातलं एक पुस्तक, नाचणीच्या मापाच्या कोऱ्या पट्ट्या आणि एक कार्ड. कार्डावर चार गोष्टी शोधायला सांगा: काजूला मोहर आला का, वायंगणाच्या (पावसाळ्यानंतरच्या भाताच्या) शेतात पाणी सोडलं का, कोणाच्या गोठ्यात कोणते प्राणी होते, आणि कुस्वाराच्या (नाताळच्या फराळाच्या) ताटात नेवऱ्या, दोदोल, बेबिंका यांतलं काय काय चाखायला मिळालं. लिहायची सक्ती नाही, खूण केली किंवा चित्र काढलं तरी चालेल. ज्याच्या शेजारी ख्रिस्ती घर नाही त्याने वाड्यावरच्या धालोबद्दल, म्हणजे बायकांच्या गाण्या-नाचाबद्दल, सांगावं, पौषात तेही जवळ आलेले असतात.

करवंट्या मुलांबरोबर घरी जाऊ द्या. कपाटातली पिवळी करवंटी मात्र शाळेतच ठेवा, पण खिडकीत, आणि सुट्टीत शाळेकडे फिरकणाऱ्या कोणाला तरी पाणी घालायला सांगा.

जाण्याआधी तुमच्या वहीतली वाचनाची यादी एकदा चाळा. ज्यांचं वाचन सगळ्यात अडलेलं आहे त्या चार-पाच नावांभोवती गोल करा. जानेवारीत शाळा उघडेल त्या दिवशी सगळ्या वर्गाची परीक्षा घ्यायची नाही, या चार-पाच जणांनाच जवळ बोलवून सुलूचा तोच उतारा वाचून घ्यायचा. पिशव्या परत यायला आठवडाभर द्या. एखादं पुस्तक भिजून येईल, एखादं धाकट्या भावाने रंगवलेलं असेल, त्याचा दंड घेऊ नका.